तीस सेकंदांचं ओझं

२०१८च्या सुरुवातीला घाटकोपरच्या असल्फ्याची टेकडी रंगली. ‘चल रंग दे’च्या स्वयंसेवकांनी वस्तीतल्या लोकांना बरोबर घेऊन भिंती गुलाबी, निळ्या, पिवळ्या केल्या आणि मेट्रोतून जाणारे लोक मोबाइल बाजूला ठेवून खिडकीबाहेर बघू लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये म्युझिकली हे अ‍ॅप टिकटॉकमध्ये विलीन झालं. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण उपनगरातल्या पोरांना रंगवलेला पडदा आणि रंगमंच एकाच वर्षात फुकट मिळाला, हे खरं. जिओमुळे डेटा २०१६पासून स्वस्त झालेलाच होता.

टिकटॉकने या पोरांना दिला तो अनोळखी प्रेक्षक. फॉलोअर शून्य असले तरी व्हिडिओ मूठभर परक्या लोकांपुढे टाकला जाई. ते थांबले तर आणखी काहींपुढे, तिथे टिकला तर लाखांपुढे. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण याच वाटेने लोकांना माहीत झाला आणि ऑक्टोबर २०२४मध्ये ‘बिग बॉस मराठी’चा पाचवा हंगाम जिंकला. ज्याचा कुठेच वशिला नाही त्याला टीव्हीच्या दारापर्यंत नेणारी दुसरी यंत्रणा तेव्हा नव्हती.

कंपन्यांच्या मालकीच्या अशा जाळ्यांना पर्यायाची पहिली चाहूल लागली ती नोव्हेंबर २०१९मध्ये. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं आणि त्या रागात भारतातले बरेच ट्विटरकर मॅस्टोडॉनवर गेले. ओयगेन रोख्को या जर्मन तरुणाने २०१६मध्ये सुरू केलेलं हे जाळं कुणा एका कंपनीचं नाही. त्याचा कारभार आपल्या सार्वजनिक गणपतींसारखा आहे. मंडळं स्वतंत्र, वर्गणी आणि नियम ज्याचे त्याचे, पण या मंडळाच्या माणसाला त्या मंडळात दर्शनाला जायला आडकाठी नाही. निरनिराळ्या सर्व्हरना एकमेकांशी बोलता यावं म्हणून अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाचं मानक जानेवारी २०१८मध्ये मान्य झालं होतं. चार दिवस वर्तमानपत्रांत चर्चा झाली आणि विषय मागे पडला. गेले ते लिहिणारे लोक होते. व्हिडिओचं कुणी नावही काढलं नाही. असल्फ्याच्या पोरांचं टिकटॉकवर बरं चाललं होतं, त्यांना याचा पत्ताही नव्हता.

मग २९ जून २०२० उजाडला. केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अखाली ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली आणि दुसऱ्या दिवशी टिकटॉक उघडेनासं झालं. माझ्या ओळखीचा जागृतीनगरचा एक मुलगा ते बंद पडायच्या आत आपलेच व्हिडिओ एकेक करून फोनमध्ये उतरवत बसला होता. फोन भरतो म्हणून मूळ फाइल त्याने केव्हाच पुसल्या होत्या. उतरवलेल्या प्रत्येक व्हिडिओवर टिकटॉकचं चिन्ह या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात उड्या मारत होतं. व्हिडिओ निदान हाताला लागले. फॉलोअर उतरवून घेता येत नाहीत.

मॅस्टोडॉनसारख्या विकेंद्रित जाळ्यांची बाजू याहून सोप्या शब्दांत कुणी मांडली नसती. मॅस्टोडॉनवर एक सर्व्हर सोडून दुसऱ्यावर जाताना फॉलोअर सोबत नेता येतात. पण तीस सेकंदांच्या व्हिडिओसाठी असं काही तेव्हा तयारच नव्हतं. इन्स्टाग्राम तयार होतं. ८ जुलैला, म्हणजे बंदीनंतर अवघ्या नऊ दिवसांत, भारतात रील्स आलं. या चपळाईचं कौतुक बरंच झालं. त्यामागची तयारी मात्र फारशी कुणी बघितली नाही. फेसबुकने मार्च २०१९मध्येच टी-सिरीज, झी म्युझिक आणि यशराज यांच्याशी गाण्यांचे करार केले होते, आणि बंदीच्याच महिन्यात, बंदीच्या आधी, सारेगामाशीही केला होता. ट्रेंडिंग ऑडिओ उचला आणि बिनधास्त नाचा, ही सोय पहिल्या दिवसापासून होती. देशी अ‍ॅपची तारांबळ इथेच उडाली. त्यांतल्या काहींना २०२०च्या उत्तरार्धात टी-सिरीजच्या स्वामित्वहक्काच्या नोटिसा गेल्या. मोज, जोश, टकाटक यांच्यामागे मोठं भांडवल होतं म्हणून ती तगली, आणि टकाटकही फेब्रुवारी २०२२मध्ये मोजच्या पोटात गेलं.

चिंगारीची गंमत वेगळी. बेंगळुरूच्या या अ‍ॅपने २०२१मध्ये ‘गारी’ नावाचं क्रिप्टो नाणं आणलं, जाहिरातीला सलमान खान घेतला आणि ‘विकेंद्रित’ हा शब्द पहिल्यांदाच नाक्यावरच्या पोरांपर्यंत पोचवला. व्हिडिओ बघा, नाणी कमवा. नाणं ब्लॉकचेनवर होतं. कुणाचा व्हिडिओ वर चढवायचा आणि कुणाचा दाबायचा, हे कंपनीच ठरवत होती. पुढे नाण्याचा भाव कोसळला, कर्मचारीकपात झाली आणि हा शब्द पोरांच्या लेखी बदनाम झाला. हे नुकसान चिंगारीपुरतं राहिलं नाही.

खऱ्या अर्थाने प्रयत्न झाले ते २०२४पासून. ट्विटरच्या धर्तीच्या ब्लूस्काय या विकेंद्रित जाळ्याने त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये व्हिडिओ सुरू केला. मर्यादा ६० सेकंदांची. ती पुढच्या मार्चमध्ये तीन मिनिटांवर गेली. २०२४च्याच अखेरीस पिक्सेलफेड या फोटोंच्या विकेंद्रित जाळ्याच्या डॅनियल सुपरनॉल्टने लूप्स आणलं. टिकटॉकला विकेंद्रित पर्याय म्हणून आलेल्या या अ‍ॅपमध्ये सुरुवातीला दुसऱ्या सर्व्हरशी बोलायची सोयच नव्हती. आधी गाडी चालू दे, मग जोडणी बघू, असा तो मामला. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेत टिकटॉक जेमतेम अर्धा दिवस बंद पडलं तर जगभर हलकल्लोळ झाला आणि एप्रिलमध्ये ब्लूस्कायच्याच तंत्रावर स्कायलाइट नावाचं अ‍ॅप उभं राहिलं. आपल्याकडे ते साडेचार वर्षं बंद होतं, त्याची आठवण तेव्हा फारशी कुणाला झाली नाही.

हे प्रयत्न कुठे अडतात, ते बघायला परदेशी जायला नको. घाटकोपरला मेट्रोत बसा आणि वर्सोव्याला उतरा. २०१४च्या जूनमध्ये सुरू झालेल्या या ११.४ किलोमीटरांच्या मार्गाच्या आसपास सगळा मामला मांडून ठेवलेला आहे. असल्फ्याला रील करणारे. साकीनाक्याहून आत चांदिवलीला एनटीटी आणि इक्विनिक्स यांची डेटा सेंटर. अंधेरी पश्चिमेला लिंक रोडच्या परिसरात गाणी वापरायची परवानगी देणाऱ्या संस्था: गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस आणि रेकॉर्ड कंपन्यांची पीपीएल. शेवटी वर्सोवा, जिथे समुद्राखालून आलेल्या केबल किनाऱ्याला लागतात. विकेंद्रित म्हणवणाऱ्या व्हिडिओला यातलं काही चुकत नाही आणि यातलं काहीही विकेंद्रित नाही.

हिशोबच बघा. बोरिवलीच्या एखाद्या मुलीने केलेली तीस सेकंदांची रील सर्व्हरवर आली की तिची लहानमोठ्या आकाराची तीन-चार रूपं तयार करावी लागतात, म्हणजे भारीतल्या फोनवर स्वच्छ दिसेल आणि लोकलमध्ये रेंज गेली तरी चालेल. एकदा बघायला पाच एमबी धरले आणि लाखभर लोकांनी ती बघितली तर पाचशे जीबी डेटा सर्व्हरवरून बाहेर जातो. मोठ्या क्लाउड कंपनीच्या मुंबईच्या दराने हे काही हजारांचं बिल झालं, एका रीलचं. स्वस्त पर्याय आहेत, पण फुकट कुणीच नाही. शिवाय तुम्ही एक रील बघत असताना अ‍ॅप पुढच्या दोन-तीन आधीच उतरवून ठेवतं. त्या तुम्ही बघितल्या नाहीत तरी मीटर पडलेलंच असतं. मॅस्टोडॉनच्या रचनेत ज्या-ज्या सर्व्हरवर तिचे फॉलोअर आहेत, त्या प्रत्येकाकडे सहसा व्हिडिओची वेगळी प्रत जाते. मजकुराच्या बाबतीत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. व्हिडिओ आला की डिस्क भरते आणि सर्व्हर चालवणारा हात टेकतो, कारण हा माणूस बहुधा दिवसा नोकरी करून रात्री हे सांभाळत असतो.

फ्रान्सच्या फ्रामासॉफ्ट या संस्थेने पीअरट्यूबमध्ये यावर तोड काढली होती: बघणाऱ्यांनीच एकमेकांना तुकडे पुरवायचे. तासाभराच्या भाषणाला ही युक्ती लागू पडते. रीलमध्ये बघणारा तीन सेकंदांत अंगठा सरकवतो. दोन फोनची ओळख होईपर्यंत तो पुढे निघून गेलेला असतो.

पैसे एक वेळ वर्गणीने उभे राहतील. कायद्याचं काय? फेब्रुवारी २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करणं, २४ तासांत पोच देणं आणि १५ दिवसांत निकाल लावणं बंधनकारक केलं. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेच्या एप्रिल २०२२च्या आदेशाने सायबर घटनेची खबर सहा तासांत द्यायला सांगितली आणि लॉग १८० दिवस जपायला लावले. कंपनीकडे यासाठी वकिलांचा ताफा असतो. मुलुंडच्या एखाद्या हौशी प्रोग्रामरने मराठी रीलसाठी सर्व्हर काढला, तर पोलीस ठाण्यातून येणारा फोन त्याच्या घरच्या नंबरवर येणार. तो उचलायची तयारी असलेली माणसं मला तरी फार भेटलेली नाहीत.

बोरिवलीच्या त्या मुलीचा प्रश्न तर याहून अवघड आहे. कुणी तिची रील उचलून घाणेरड्या मथळ्याने फिरवली आणि तिने मूळ व्हिडिओ काढून टाकला, तर तिचा सर्व्हर बाकीच्यांना ‘पुसा’ असा निरोप धाडतो. बहुतेक पुसतात. न पुसणाऱ्याचं कुणी काही करू शकत नाही. देखरेखीचंही तसंच. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी जुलै २०२३मध्ये मॅस्टोडॉनच्या मोठ्या सर्व्हरवर दोन दिवसांत बाललैंगिक शोषणाचा आधीच ओळख पटलेला मजकूर ११२ वेळा सापडल्याचं दाखवलं. मोठ्या कंपन्यांचा कारभार धुतल्या तांदळासारखा आहे असं मुळीच नाही. पण असा मजकूर ओळखणारी यंत्रणा त्यांना परवडते.

आणि अनोळखी प्रेक्षक? या जाळ्यांचे जुने रहिवासी अल्गोरिदमच्या नावाने नाक मुरडतात. त्यांना आपण निवडलेली माणसं, वेळेच्या क्रमाने, हवी असतात. मत म्हणून ते चांगलंच आहे. पण ज्याला कुणीच निवडलेलं नाही त्याने काय करायचं? ब्लूस्कायने आपली फीड आपण निवडायची मुभा देऊन मधली वाट काढली आहे. मला यातलं हेच सगळ्यात आशेचं वाटतं. मराठीपुरती, आगमनाच्या ढोल-ताशांची, उपनगरातल्या विनोदी प्रसंगांची अशी फीड कुणीही बांधू शकतो. इथे आवाज स्वतःचा असल्याने लिंक रोडची परवानगीही लागत नाही.

ऑगस्ट २०२५मध्ये टिकटॉकची वेबसाइट काही जणांना उघडली, अफवा उठली, आणि बंदी कायम असल्याचं सरकारने सांगितलं. विकेंद्रित जाळं रीलची जागा इतक्यात घेईल असं मला वाटत नाही. गाणी आणि सर्व्हरचं बिल त्याला मागे खेचत राहणार. खातं आणि फॉलोअर सोबत नेण्याची सोय मात्र आज, मजकुराच्या जाळ्यांपुरती का होईना, चालू आहे. तेव्हा रील करणाऱ्यांनो, इन्स्टावर खुशाल राहा. पण अशा एखाद्या जाळ्यावर आपल्या नावाचं खातं काढून ठेवा, जमेल तिथे आपलाच आवाज वापरा, आणि फोन भरला म्हणून मूळ फाइल पुसू नका. पेन ड्राइव्ह आता काही महाग राहिलेला नाही.