कामगंध सापळ्यातील घड्याळ

कपाशीच्या शेतात आता इलेक्ट्रॉनिक कामगंध सापळे दिसू लागले आहेत. नरसाळ्यातून खाली पडणारा पतंग अवरक्त किरणांची रेषा छेदतो, मायक्रोकंट्रोलर त्याची नोंद घेतो आणि प्रत्येक नोंदीपुढे तारीख व वेळ लिहितो. अशा सापळ्याची चाचणी घेताना संवेदकाने किती पतंग मोजले आणि किती निसटले, हे काळजीपूर्वक तपासले जाते. नोंदीपुढील वेळ मात्र कोणी तपासत नाही. ती आकड्यांत छापलेली असते, म्हणून खरीच असणार असे गृहीत धरले जाते.

मायक्रोकंट्रोलरची सर्व कामे एका दोलकाच्या ठोक्यांवर चालतात. हा दोलक कशाचा बनला आहे, यावर त्याचा खरेपणा ठरतो. एटीमेगा ३२८पी या प्रचलित चिपमधील अंगभूत आरसी दोलकात कारखान्यातून निघताना १० टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो. आर्डुइनो उनो या बोर्डावर मुख्य चिपसाठी सिरॅमिक रेझोनेटर बसवलेला असतो व त्याची सहनमर्यादा सुमारे ०.५ टक्के असते. क्वार्ट्झ स्फटिक याहून पुष्कळ सरस असून त्यातील फरक दशलक्षात साधारण २० भागांचा, म्हणजे २० पीपीएम असतो.

अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो आणि बोर्डाच्या बहुतेक जोडघटकांसाठी तो खरोखरच किरकोळ आहे. तापमापकाचे वाचन त्याने बिघडत नाही. डासाच्या मादीचे पंख सेकंदाला ५०० वेळा हलत असतील, तर प्रकाशीय संवेदकाच्या मोजणीत फार तर अडीच कंपनांचा फरक पडेल व ओळख पटवण्यात त्याने अडचण येणार नाही. वेळेचे गणित निराळे आहे, कारण तेथे चूक साचत जाते. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यांचा अर्धा टक्का ४३२ सेकंद, म्हणजे दिवसाला सात मिनिटांहून अधिक. महिनाभरात हा फरक साडेतीन तासांवर जातो. संवेदक अचूक चालत असल्यामुळे यंत्राविषयी विश्वास वाटत राहतो आणि घड्याळ मात्र मुकाट्याने सरकत असते.

केवळ प्रोग्रॅममधील मिलिसेकंदांच्या मोजणीवर वेळ राखणाऱ्या सापळ्यात आणखी दोन अडचणी येतात. ही मोजणी ३२ बिटांची असल्याने ४९.७ दिवसांनी ती शून्यावर येते, आणि कपाशीचा हंगाम त्याहून कितीतरी मोठा असतो. दुसरे असे की, बॅटरी वाचवण्यासाठी बोर्ड गाढ निद्रावस्थेत गेला की ही मोजणीच थांबते. झोपेत गेलेला वेळ कोठेही जमा होत नाही.

यावर उपाय म्हणजे स्वतंत्र घड्याळ-चिप, अर्थात आरटीसी. मात्र सर्व आरटीसी सारख्या नसतात. स्वस्त चिपला जोडलेला ३२.७६८ किलोहर्ट्झचा स्फटिक २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत खरा चालतो. तापमान त्याहून वाढो वा घटो, तो मंदावतोच, आणि मंदावण्याचे प्रमाण तापमानातील फरकाच्या वर्गानुसार वाढते. भर उन्हात बंद डब्याच्या आत ६० अंश तापमान झाले, तर हा परिणाम सुमारे ४२ पीपीएम होतो. तेच तापमान दिवसभर राहिले, तर साडेतीन सेकंदांची घट येईल. डबा पांढरा व सावलीत ठेवण्याचा फायदा घड्याळालाही होतो. डीएस३२३१ ही चिप स्वतःचे तापमान मोजून दुरुस्ती करते. ० ते ४० अंशांत तिची चूक २ पीपीएमच्या आत, म्हणजे वर्षाला जेमतेम एक मिनिट असते. शिवाय तिच्या अलार्मने झोपलेल्या बोर्डाला ठरल्या वेळी जागे करता येते. पतंगांच्या अभ्यासाला एवढी अचूकता पुरून उरते. त्यापुढे खर्च करण्याचे कारण नाही.

या चिपच्या काही स्वस्त मोड्यूलवर राखीव सेल चार्ज करणारी जोडणी असते. तेथे साधा सीआर२०३२ सेल बसवून मोड्यूलला ५ व्होल्ट दिले, तर चार्ज न होणारा सेल चार्ज होऊ लागतो. तो फुगू किंवा गळू शकतो. एक तर ती जोडणी तोडावी, नाही तर चार्ज होणारा सेल वापरावा. राखीव सेल संपून मुख्य वीजही गेली, तर घड्याळ १ जानेवारी २००० पासून सुरू होते. नोंदींत ही तारीख दिसली की काय घडले ते लगेच कळते.

सर्वांत घातक चूक मात्र घड्याळाच्या मंदगतीची नसते. जीपीएस मोड्यूल जागतिक प्रमाणवेळ देते व भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. ही भर घालायची राहिली, तर मध्यरात्रीनंतर अडीच वाजता आलेला पतंग आदल्या तारखेच्या रात्री नऊ वाजता नोंदला जातो. गुलाबी बोंडअळीचे पतंग प्रामुख्याने मध्यरात्रीनंतर सक्रिय असतात. अशा नोंदींवरून ती संध्याकाळची कीड वाटू लागेल. पावसाच्या नोंदीतही हीच अडचण आहे. भारतात पर्जन्यदिन सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी ८.३० असा धरतात. त्यामुळे मागे पडलेले घड्याळ सकाळी नऊचा पाऊस आदल्या दिवसात टाकते.

फवारणीच्या निर्णयाशी याचा थेट संबंध आहे. गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन रात्री प्रति सापळा ८ पतंग ही पातळी धरली जाते. हाताने मोजणारा शेतकरी सकाळी सापळा पाहतो, म्हणजे एक अख्खी रात्र मोजतो. यंत्र मात्र मध्यरात्रीला तारीख बदलून त्याच रात्रीचे दोन तुकडे करते. म्हणून यंत्राच्या नोंदींची बेरीज दुपारी बारा ते दुसऱ्या दुपारी बारा अशी करावी. मग घड्याळ तास-दीड तास चुकले, तरी रात्रीची संख्या बदलत नाही.

भटिंड्याचा सापळा आणि गुंटूरचा सापळा यांची तुलना करायची असेल, तर एवढ्याने भागत नाही. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटे, या हिशेबाने दोन्ही ठिकाणच्या स्थानिक वेळेत वीस मिनिटांहून अधिक अंतर आहे. अक्षांश व ऋतूनुसार सूर्यास्तातील फरक आणखी बदलतो. पतंग अंधाराला प्रतिसाद देतो, प्रमाणवेळेला नव्हे. तेव्हा वेळ सूर्यास्तापासून मोजावी. वीस मिनिटांच्या फरकाचा विचार करायचा, तर घड्याळ मिनिट-दोन मिनिटांच्या आत खरे असलेच पाहिजे.

विस्तार कार्यकर्त्याला हे तपासण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. ल्यूर बदलताना मोबाइलवरील वेळ आणि सापळ्याची वेळ शेजारी शेजारी लिहावी. सापळा ३० दिवसांत सहा मिनिटे मागे पडला असेल, तर रोजची घट १२ सेकंद. दहाव्या दिवसाच्या नोंदीत दोन मिनिटे मिळवावीत. ऊन-थंडीमुळे घट रोज सारखी नसते, तरी एवढी दुरुस्ती शेतातील कामाला पुरते. क्रम मात्र पाळावा: आधी फरक लिहावा, मगच घड्याळ लावावे. फरक न लिहिता घड्याळ जुळवले, तर मागील महिनाभराच्या नोंदी दुरुस्त करण्याचा मार्ग कायमचा बंद होतो.