चौकशी कसली, ते आधी सांगा

मंडळी, समजा एका वैमानिकाला पत्र आलं : तुमच्या उड्डाणाची चौकशी सुरू आहे, खुलासा पाठवा. कोणतं उड्डाण, काय चुकलं, याबद्दल एक अक्षर नाही. आपल्याला वाटेल, यात बिघडलं काय? शेकडो प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न. नियामकाने कडकच असावं. असावंच. पण कडक असणं आणि मोघम असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेतलं बॉब हूवर यांचं उदाहरण घेऊ. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेतून त्यांचंच विमान पळवून निसटलेला हा वैमानिक. १९९२ साली ओक्लाहोमा सिटीत त्यांनी हवाई कसरती केल्या. फेडरल एव्हिएशन अॅडमिनिस्ट्रेशनच्या, म्हणजे एफएएच्या, दोन निरीक्षकांना त्यात वयाचा परिणाम दिसला. पण हे हूवर यांच्या कानावर आलं काही महिन्यांनी! पुढे त्यांचं वैद्यकीय प्रमाणपत्र गेलं, आणि ते परत मिळायला १९९५ उजाडलं.

आता बघा, उशिरामुळे काय होतं. नियंत्रण कक्षातलं ध्वनिमुद्रण काही कायमचं जपून ठेवत नाहीत. ठराविक दिवसांनी ते पुसलं जातं. साक्षीदारांच्या आठवणी पुसट होतात. आरोप कळेपर्यंत बचावाचा पुरावाच उरत नाही. बरं, वैमानिक खरंच चुकला असेल, तर मधल्या काळात तो तसाच उडत राहतो. म्हणजे प्रवाशांचंही भलं झालं नाही.

अमेरिकेने यावर २०१२ साली कायदा केला, ‘पायलट्स बिल ऑफ राइट्स’. तो मांडणारे सिनेटर जिम इनहॉफ स्वतः वैमानिक. २०१० मध्ये टेक्ससमधल्या एका बंद धावपट्टीवर विमान उतरवल्याबद्दल त्यांचीच चौकशी झाली होती. या कायद्याप्रमाणे एफएएने वैमानिकाला वेळेवर लेखी कळवायचं असतं : चौकशी कशाची आहे, उत्तर देणं सक्तीचं नाही, आणि दिलंत तर ते तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. नियंत्रण कक्षाची माहितीही त्याला मागता येते. कळवल्याने तपासच धोक्यात येणार असेल, तर मात्र सूचना लांबवण्याची मुभा आहे.

कोणी म्हणेल, हे वैमानिकांचे लाड झाले. आम्हाला तसं वाटत नाही. अमेरिकेतच १९७६ पासून नासा एक योजना चालवते. नकळत झालेली चूक वैमानिकाने दहा दिवसांत आपणहून कळवली, तर काही अटींवर त्याची शिक्षा माफ होते. का? कारण कॉकपिटमधल्या कितीतरी चुका फक्त तिथे बसलेल्यालाच ठाऊक असतात. त्याने तोंड उघडलं, तर पुढचा अपघात टळेल.

आणि माणूस तोंड केव्हा उघडतो? समोरचा आपल्याला काय विचारतोय, हे नीट कळलं तर. नाहीतर तो वकील गाठतो आणि गप्प बसतो. मोघम पत्राने भीती बसते, पण खरं काय घडलं ते हाती लागत नाही. विमानं सुरक्षित उडायला हवीत, तर नियामकाला या दोन्हींतलं दुसरं जास्त गरजेचं आहे.