नाणेघाटातली न दिसणारी रांग

जुन्नरहून घाटघर ओलांडलं की कोकणात उतरणारी नाणेघाटाची नाळ लागते. तिच्या तोंडाशी कातळात एक लेणं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेने वर यायचा. दमलेला वाटसरू आत टेकला की समोरच्या भिंतीवर अख्खं सातवाहन राजघराणं ओळीने उभं असायचं, पुरुषभर उंचीच्या आठ मूर्ती. आज त्यातली एकही उरलेली नाही. खाली पावलांच्या खुणा, वर ब्राह्मीत कोरलेली नावं आणि मधे नुसता दगड.

आणि तरीही कोण कुठे उभं होतं, हे आपल्याला बोट ठेवून सांगता येतं! पहिला सिमुक, घराण्याचा मूळपुरुष. मग राणी नागनिका आणि राजा सातकर्णी. या दोघांना मिळून एकच लेख, आणि त्यात राणीचं नाव आधी. पुढे कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. मोजा, सातच झाले. भाय आणि महारठी यांच्यामधली जागा बिननावाची आहे. शेजाऱ्यांची नावं जागच्या जागी आहेत, म्हणूनच तिथेही कुणीतरी उभं होतं हे कळतं.

बाजूच्या दोन भिंती बघितल्या की या मांडणीतली जाण लक्षात येते. तिथे नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे: अश्वमेध, राजसूय, दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. ओळीखाली ओळ, अक्षराला अक्षर खेटून. माणसांच्या भिंतीवर मात्र प्रत्येकाला डोक्यावर एक छोटा लेख आणि आपापली जागा, बस्स.

व्हिनाइलच्या छोट्या मूर्ती जमवणाऱ्यांनी ही भिंत जरूर पाहावी. कपाटात मूर्तीला मूर्ती खेटली की डोळ्याला रंगांचा गठ्ठा दिसतो. कुणाचा हात कुठे संपला, कुणाचं डोकं कुठे सुरू झालं, काही कळत नाही. भोवती मोकळी जागा ठेवली की बाह्यरेषा सुटी होते, सावली पडायला जागा मिळते. दोन मूर्ती जवळ आणि बाकीच्या लांब ठेवल्या की त्या दोघींचं काहीतरी नातं आहे, हे न सांगता कळतं. खच्चून भरलेल्या फळीवरून एक मूर्ती उचलली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. नाणेघाटात सगळ्याच गेल्या, तरी रांग वाचता येते.

त्या बिननावाच्या जागेने मला मात्र वेड लावलंय. महारठी म्हणजे नागनिकेचे वडील, असं बरेच अभ्यासक मानतात. मग त्यांच्या शेजारी कोण होतं? राणीची आई, की सासरकडचा आणखी एखादा कुमार?