त्यांचं बस्तान कुणी बसवलं?

दोनशे वर्षांपूर्वी मुंबईहून पुण्याला निघालेल्या गोऱ्या माणसाला चिंचवड सहसा चुकत नसे. मुंबईहून बोटीनं पनवेल, तिथून घाटाचा पायथा, पालखीतून बोरघाट, खंडाळा, कार्ल्याची लेणी, तळेगाव आणि मग पवनेकाठचं चिंचवड. मोरया गोसावींच्या वंशातले ‘देव’ तेव्हा इथल्या वाड्यात नांदत होते आणि गणपतीचा अंश मानला जाणारा माणूस डोळ्यांनी पाहायची साहेबलोकांना मोठी हौस होती. एडवर्ड मूर येऊन गेला, त्यानं त्यावर सविस्तर टिपण लिहिलं. मराया ग्रॅहम ही लेखिका १८०९ मध्ये आली. १८१२ मध्ये छापलेल्या तिच्या रोजनिशीत आपलं चिंचवड आहे. ही मंडळी पाहुण्यासारखी आली आणि वर्णन लिहून गेली.

याच मुलखात जे राहायलाच आले, त्यांची जात वेगळी होती. बहुतेक पंचविशी-तिशीतले, नुकतंच लग्न झालेले किंवा न करण्याचं ठरवून आलेले, खिशात पैसा बेताचा आणि परत कधी जायचं याचा पत्ता नाही. मिशनरी म्हटलं की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक शाळा-दवाखान्यांबद्दल हात जोडणारा, दुसरा धर्मांतराबद्दल मुठी आवळणारा. दोन्हींना आधार आहे. पण एक साधा प्रश्न दोघंही विचारत नाहीत: परक्या मुलखात या पोरांचं बस्तान बसवलं कुणी? कागदपत्रं चाळली की जवळजवळ प्रत्येकाच्या मागं एक मराठी माणूस उभा दिसतो. कुठं त्याचं नाव आहे, बऱ्याच ठिकाणी नुसताच ‘पंडित’ किंवा ‘मुन्शी’.

सुरुवात गोव्यापासून करायला हवी. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघाला आणि ऑक्टोबरात गोव्याला पोचला, तेव्हा तो तिशीचा होता. पोचल्यावर त्यानं वडिलांना पत्र लिहिलं. त्यात वारे, पक्षी, खलाशांचे आजार असं सगळं सापडतं. सहा महिने पाण्यावर काढलेल्या पोराचं ते पत्र आहे. पण नंतरची चाळीस वर्षं तो साष्टीच्या आसपास राहिला आणि १६१६ मध्ये रायतूरला त्याचं क्रिस्तपुराण छापून झालं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, त्याही अस्सल पुराणाच्या घाटणीच्या. ओवीची लय कोशातून शिकता येत नाही. ती कानावर पडावी लागते, म्हणजे रोज कुणीतरी ती म्हणावी लागते. हे म्हणणारे कोण होते, ते पुराणात नाही.

दोन शतकं ओलांडून अमेरिकनांकडे येऊ. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम गावच्या चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा मिळाली आणि दोन आठवड्यांच्या आत ते हिंदुस्थानच्या बोटींवर चढले. त्यातल्या सॅम्युएल न्यूवेलची बायको हॅरिएट अठरा वर्षांची होती. कलकत्त्याला कंपनी सरकारनं उतरू दिलं नाही, म्हणून मॉरिशसकडे वळावं लागलं. वाटेत बोटीवरच मूल झालं, ते गेलं आणि ३० नोव्हेंबरला हॅरिएटही गेली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. तिच्या आठवणींचं पुस्तक अमेरिकेत घरोघरी वाचलं गेलं आणि ते वाचून आणखी पोरं बोटींवर चढली. मला या हिशोबाचं आजवर कोडंच आहे.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट कलकत्त्याहून निसटून ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले. हाकलून देण्याचा हुकूम इथंही पाठोपाठ आला. ते बोटीनं सटकले, कोचीनला पकडले गेले आणि पुन्हा मुंबईत आणले गेले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन भला माणूस होता; हॉलचं विनवणीपत्र वाचून त्यानं वेळ काढला, तेवढ्यात विलायतेत कंपनीची नवी सनद मंजूर झाली आणि मिशनऱ्यांचा रस्ता खुला झाला. हॉल पुढं तेरा वर्षं राहिला. मराठी बोलायला लागला, देवळांसमोर, बाजारात उभा राहून बोलू लागला, लोकांनी टिंगल केली तर तीही मराठीत समजू लागली. मार्च १८२६ मध्ये नाशिककडे दौऱ्यावर असताना पटकीची साथ होती. जवळची औषधं वाटून संपवली आणि परतीच्या वाटेवर दोडी दापूर गावात त्याला स्वतःलाच पटकीनं गाठलं. मुक्काम देवळाच्या ओसरीवर होता. सोबत दोन तरुण मुलं होती, त्यांनीच मूठमाती दिली. चर्चचा इतिहास हॉलला हुतात्मा म्हणतो. त्या ओसरीवर त्याला टेकू देणाऱ्या गावकऱ्यांनी काय म्हटलं असेल, ते मला अधिक जाणून घ्यावंसं वाटतं.

स्कॉटिश मंडळी कोकणातून आली. बाणकोट, हर्णै ही त्यांची पहिली ठाणी. जॉन विल्सन चोवीस वर्षांचा असताना, फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईला पोचला आणि बायको मार्गारेटसह मराठी शिकायला हर्णैच्या बाजूला जाऊन बसला. काही महिन्यांत तो मराठीतून बोलू लागला. १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांनी त्याच्याशी जाहीर वाद घातला; पुढं १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचाऱ्यांनी मुंबईच्या समुद्रकाठी मिशनऱ्यांना आठवड्यामागून आठवडे प्रश्न विचारून हैराण केलं. एरवी या वादांकडे कोण जिंकलं म्हणून पाहिलं जातं. पण दर आठवड्याला चार लोकांसमोर मराठीत उत्तर द्यायला लावणारा प्रतिस्पर्धी म्हणजे फुकटचा शिक्षकच की! पंडितानं व्याकरण शिकवलं असेल, भांडण विष्णुबावांनी शिकवलं.

बायकांची गोष्ट थोडक्यात सांगून पुढं जातो, कारण तिच्यावर आता बरंच लिहिलं जातंय. सिंथिया फॅरर १८२७ च्या अखेरीस एकटी मुंबईत आली. अमेरिकेनं परदेशी धाडलेल्या पहिल्या काही अविवाहित मिशनरी बायकांपैकी ही एक. नंतर ती अहमदनगरला गेली आणि १८६२ मध्ये मरेपर्यंत मुलींच्या शाळा चालवत राहिली. सावित्रीबाई फुल्यांचं अध्यापनाचं शिक्षण तिच्या संस्थेत झालं, एवढं सांगितलं तरी पुरे.

आता इंद्रायणीकडे वळतो, कारण माझ्या मते या सगळ्या प्रवासाला खरं वळण इथंच लागलं. आलेल्या प्रत्येक पोराला कधी ना कधी तुकोबा आडवे आले. जॉन मरे मिचेल तेविसाव्या वर्षी, १८३८ मध्ये आला आणि १८४९ मध्ये त्यानं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात तुकारामांची कथा इंग्रजीत मांडली. निकोल मॅकनिकलनं १९१९ मध्ये मराठी संतांच्या रचनांचा निवडक इंग्रजी अनुवाद काढला. जस्टिन ॲबट तर मिशनऱ्याच्याच पोटी जन्मलेला. त्यानं उतारवयात अमेरिकेत बसून मराठी संतकवींची अख्खी मालिका इंग्रजीत आणली, त्यातला तुकाराम १९३० चा. मालिकेतल्या काही पुस्तकांवर नरहर गोडबोल्यांचं नाव आहे. नेल्सन फ्रेझर मिशनरी नव्हता, शिक्षणखात्यातला होता, पण त्याच्या तुकाराम-अनुवादाच्या तिन्ही खंडांवर के. बी. मराठे यांचं नाव बरोबरीनं छापलंय. मला या दोन नावांचं फार अप्रूप आहे. छापली गेली म्हणून ती कळतात. बाकीच्यांची कुणी छापलीच नाहीत.

हा ओघ उलटाही वाहिला. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोचलो असं सांगत राहिले. शेवटच्या काळात त्यांना मिशनच्या पगारी चौकटीचा उबग आला होता; वारकऱ्यांसारखा, कारकुनी नसलेला भक्तांचा मेळा हवा होता. त्यांच्या ओढीनं भारलेला जॅक विन्स्लो हा इंग्रज पाद्री. त्यानं नगर जिल्ह्यात ‘ख्रिस्त सेवा संघ’ उभा केला आणि विसाच्या दशकाच्या अखेरीस तो पुण्यात शिवाजीनगरला आणला. जमिनीवर बसायचं, खादी नेसायची, शाकाहारी जेवायचं, गोरे-काळे एका पंगतीत.

या आश्रमात १९२७ च्या अखेरीस पंचवीस वर्षांचा व्हेरियर एल्विन आला. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी आणि धर्मशास्त्र दोन्हींत पहिला वर्ग, बाप बिशप. असा मुलगा पुण्यात फरशीवर झोपू लागला. पहिल्याच वर्षी आमांशानं लोळवला, विलायतेला परत न्यावं लागलं, बरा होऊन पुन्हा आला. दरम्यान साबरमतीला जाऊन गांधीजींना भेटला होता आणि तिथून त्याचं मन फिरलं. सत्याग्रहाच्या बाजूनं तो लिहू लागला. सरकारला ते रुचलं नाही आणि चर्चलाही नाही.

शामराव हिवाळे त्याला याच आश्रमात भेटले. मराठी ख्रिस्ती तरुण, संघातलेच. पुढची वीस वर्षं दोघांचं बिऱ्हाड एकच होतं. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मणिभवनात गांधीजींना पोलिसांनी अटक केली, तेव्हा हे दोघं तिथं होते. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी मंडला जिल्ह्यात करंजिया नावाच्या गोंड वस्तीत झोपड्या उभ्या केल्या. गोंडांकडे जा, असं सुचवणारे जमनालाल बजाज. आकुर्डीत ज्यांच्या घराण्याचं नाव स्कूटरमुळं घेतलं जातं, ते.

एल्विनचं पुढचं आयुष्य पुष्कळांना माहीत आहे. बिशपनं परवाना नाकारला, १९३५ मध्ये त्यानं चर्च सोडलं, आदिवासींवर ग्रंथ लिहिले, १९५४ मध्ये भारतीय नागरिक झाला, ईशान्येकडे सरकारचा सल्लागार झाला, १९६१ मध्ये पद्मभूषण मिळालं आणि १९६४ मध्ये गेला. धर्म द्यायला आला आणि स्वतःचाच सोडून बसला, असं कुणी कुत्सितपणे म्हणेल. मी म्हणेन की वसणं यालाच म्हणतात. पण करंजियाचा रोजचा गाडा ओढला कुणी? १९३२ मध्ये एल्विन विलायतेला गेला आणि राजकारणात पडणार नाही असं लिहून दिल्याशिवाय सरकारनं परतू दिलं नाही, तेव्हा आश्रम शामरावांनी चालवला. आल्या-गेल्याची विचारपूस, दवापाणी, भांडणतंटे हे त्यांचं खातं. मित्राचं चरित्रही त्यांनीच १९४६ मध्ये इंग्रजीत लिहिलं. त्यांचं स्वतःचं चरित्र मात्र आपल्या पुस्तकांच्या दुकानात कुणी मागत नाही. पुण्यातल्या सुशिक्षित माणसाला एल्विन ठाऊक असतो, हिवाळे नसतात. ही लाज एल्विनची नाही, आपली आहे.

आपलाही एक तरुण याच वाटेनं उलटा गेला होता, हे विसरायला नको. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात उदार धर्माचा अभ्यास करायला गेले. जमखंडीचा मराठा मुलगा, सयाजीरावांच्या मदतीनं शिकलेला. दोन वर्षं राहिले, तिथल्या घरांत मिसळले, १९०३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेला हजर राहून परतले आणि मुंबईत प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. १९०६ मध्ये त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. ‘मिशन’ चालवायची रीत ते तिकडून घेऊन आले, पण कामाठीपुऱ्याच्या आणि परळच्या वस्त्यांत ती त्यांनी वापरली आपल्या हिशोबानं.

स्वातंत्र्यानंतर आलेल्यांत दोन नावं इंद्रायणीपाशी नेतात. गी दलरी हा फ्रेंच जेझुइट पुण्यात राहिला, १९५६ मध्ये त्यानं तुकोबांना फ्रेंचमध्ये नेलं आणि डेक्कन कॉलेजनं १९६० मध्ये त्याचा विठोबाच्या उपासनेवरचा प्रबंध छापला. विठ्ठल-संप्रदायावर काम करणाऱ्या कुणालाही तो आजही टाळता येत नाही. जर्मन जेझुइट मॅथ्यू लेडर्ले यांनी पुण्यात शनिवार पेठेत ‘स्नेहसदन’ उभं केलं. हिंदू-ख्रिस्ती बोलणं तिथं चहाच्या कपावर चालायचं. त्या पिढीला धर्मांतराची घाई नव्हती. ऐकण्याची होती.

आणि आता चाकण. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, मर्सिडीज त्याच वर्षी पिंपरीतल्या टेल्कोच्या आवारातून तिकडे गेली. पाठोपाठ सुट्या भागांचे पुरवठादार आले. जर्मन, कोरियन, जपानी तरुण आज त्याच बोरघाटातून द्रुतगती मार्गानं काही तासांत येतात. बोटीचे सहा महिने गेले, पटकी गेली. त्यांचा करार ठराविक मुदतीचा, फ्लॅट कंपनीचा, गाडी ड्रायव्हरसकट. हॉलला मराठी आली नसती तर तो उपाशी राहिला असता. यांचं ‘नमस्ते’वर भागतं. तुकोबांची पालखी दरवर्षी देहूहून निघून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते, तेव्हा निगडीच्या चौकात यातले काही जण मोबाइल उंचावून उभे असतात. मूर आणि ग्रॅहमचीच गत: पाहिलं आणि गेले. दोष त्यांचा नाही. त्यांच्या मागं कुणी शामराव उभा राहावा, इतका वेळ कुणालाच नाही.

तरी काही जण राहतात. कोरियन कुटुंबाला भाजी आणि भाव शिकवणारी मोशीची बाई असते, जर्मन इंजिनिअरला शॉपफ्लोअरवरच्या शिव्यांचा अर्थ सांगणारा राजगुरुनगरचा फिटर असतो, पाच वर्षं एकाच साहेबाला वाकड ते चाकण नेणारा ड्रायव्हर असतो. परदेशी माणसांच्या आठवणी उद्या त्यांच्या भाषांत छापल्या जातील, त्यात ही माणसं ‘माझा ड्रायव्हर’ म्हणून येतील. तेव्हा वाचकहो, तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर त्यांच्याकडून चार पानं लिहून घ्या, बोललेलं रेकॉर्ड करा आणि वर त्यांचं पूर्ण नाव घाला. पुढच्या वर्षीच्या अंकासाठी पाठवलीत तर संपादक नाही म्हणणार नाहीत.