मजकूर तोच, मग कागद कशाला?

“मजकूर तोच असतो हो. कागदावर वाचा नाहीतर मोबाईलवर, काय फरक पडतो? सगळा सवयीचा प्रश्न. नव्या पोरांना विचारा, त्यांना पडद्यावरच बरं कळतं.”

भिंगार कॅम्पात, नगरच्या पालकसभांत, पुण्याच्या क्लासवाल्यांच्या जाहिरातींत हे इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं जातं की समोरचा मान डोलावून मोकळा होतो. छापील पुस्तक आवडणारा माणूस मग थोडा ओशाळतो. आपण जुन्या वळणाचे, म्हणून आपल्याला कागद आवडतो, अशी त्याने स्वतःची समजूत घालून घेतलेली असते.

ही समजूत चुकीची आहे, आणि ती किती चुकीची आहे हे मोजलं गेलंय.

आधी भिंगारमध्येच बघा. छावणीचं गाव, त्यामुळे लष्कर आणि पोलीस भरतीची, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी पोरं भरपूर. त्यांचं अभ्यासाचं साहित्य येतं टेलिग्रामवरून, पीडीएफच्या रूपात, बहुतेक फुकट. आणि ही फुकटची पीडीएफ घेऊन पोरगं जातं कुठे? झेरॉक्सच्या दुकानात. पानामागे पैसे मोजून प्रिंट काढतं, स्पायरल मारून घेतं, पिवळ्या हायलायटरने रेघा ओढतं, समासात पेनाने साल लिहितं. हातात मोबाईल असताना खिशाला चाट लावून कागद विकत घेणारी ही पोरं विशी-बाविशीची आहेत. यांना जुन्या वळणाचं कोण म्हणेल?

त्यांना जे अनुभवाने कळलंय त्याला आकड्यांचा आधार आहे. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया विद्यापीठाचे पाब्लो देल्गादो आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये 54 अभ्यास एकत्र तपासले. 2000 ते 2017 या काळातले, मिळून 1,71,055 वाचक. निष्कर्ष असा, की तोच मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना तो अधिक चांगला समजतो. फरक प्रचंड नाही, पण सातत्याने दिसतो, आणि घड्याळ लावून वाचायला सांगितलं की वाढतो. परीक्षेची तयारी करणाऱ्याने हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं.

आता त्या ‘सवयी’कडे येऊ. हा सवयीचा प्रश्न असता, तर मोबाईल, टॅबलेट घरोघरी पोचल्यावर कागद आणि पडदा यांच्यातलं अंतर वर्षागणिक कमी व्हायला हवं होतं. त्या 54 अभ्यासांत ते उलट वाढत गेलेलं दिसलं. पडदा जितका रोजचा झाला, तितकं त्यावरचं वाचन उथळ होत गेलं असावं, असा संशोधकांचा कयास आहे. ज्या पडद्यावर दिवसभर अंगठ्याने रील सरकवायच्या, त्याच पडद्यावर राज्यघटनेचं कलम आलं तरी अंगठा सरकवायच्याच बेतात असतो. तेव्हा ‘नव्या पोरांना विचारा’ म्हणणाऱ्यांनी एकदा खरंच विचारावं.

त्याहून पंचाईत अशी, की वाचणाऱ्याला याचा पत्ता नसतो. इस्रायलमधल्या राकेफेत अकरमन आणि मॉरिस गोल्डस्मिथ यांच्या 2011 च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना त्यांच्या गतीने वाचायला देऊन, आपल्याला किती गुण पडतील याचा अंदाज विचारला होता. पडद्यावर वाचणाऱ्यांचे अंदाज फुगलेले निघाले आणि गुण कमी. न कळणं एकवेळ चालेल, पण न कळता कळल्यासारखं वाटणं महागात पडतं.

स्वीडनसारख्या देशाने हे मनावर घेतलं. शाळांत टॅबलेट आणण्यात पुढे असलेल्या या देशाने 2023 मध्ये पुन्हा छापील पाठ्यपुस्तकांसाठी 68.5 कोटी क्रोनर काढून ठेवले. आपल्याकडे मात्र ‘डिजिटल शाळा’ ही पाटी अजून कौतुकाची आहे.

कागदाच्या बाजूनेही कमी थापा मारल्या जात नाहीत, हेही सांगायला हवं. पुस्तकाचा विषय निघाला की कुणीतरी डोळे मिटून ‘तो वास!’ म्हणतोच. जुन्या पुस्तकाचा वास हा कागदाच्या विघटनातून सुटणाऱ्या रसायनांचा असतो. 2009 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी कागद कितपत खराब झालाय हे या वायूंवरून ओळखण्याची पद्धतच मांडली. वास आवडत असेल तर खुशाल घ्यावा, पण कागदाची वकिली त्यावर करू नये. समोरच्याला ‘बघा, भावनेचाच मामला’ म्हणायला आयतं कोलीत मिळतं.

दुसरी थाप म्हणजे कागद हातात घेतला की एकाग्रता आपोआप येते. इथे नगरकर हमखास भुईकोट किल्ल्याचा दाखला देतात. भिंगारपासून हाकेच्या अंतरावरच्या या किल्ल्यात 1942 पासून नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव स्थानबद्ध होते. नेहरूंनी इथेच 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, आझादांनीही ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रं इथेच लिहिली. सुरुवातीच्या काळात त्यांना वर्तमानपत्रंही मिळत नव्हती. दाखला खरा आहे, पण तिथे एकाग्रतेचं श्रेय कागदाइतकंच तटबंदीला आणि पहारेकऱ्यांना जातं. शेजारी मोबाईल वाजत असेल तर छापील पुस्तकही पाचव्या पानावर उघडं पडून राहतं.

कथा-कादंबऱ्यांचंही नीट समजून घ्यायला हवं. देल्गादो यांच्या पाहणीत कागदाचा फायदा दिसला तो माहितीपर मजकुरात. निव्वळ कथात्मक मजकुरात तो दिसला नाही. म्हणजे कादंबरी किंडलवर वाचणाऱ्याला नाकं मुरडायचं कारण नाही. तरी एक बारीक गोष्ट राहतेच. नॉर्वेच्या आन मांगेन यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 50 जणांना एलिझाबेथ जॉर्ज यांची एकच 28 पानी कथा दिली, निम्म्यांना पुस्तकात, निम्म्यांना किंडलवर. बहुतेक बाबतीत दोघे सारखेच. पण 14 प्रसंग घडले त्या क्रमाने लावा म्हटल्यावर पुस्तकवाले सरस ठरले. वाचलेली पानं डाव्या अंगठ्याखाली जाड होत जातात, उरलेली उजवीकडे पातळ होत जातात, आणि गोष्ट कुठवर आली ते हातालाच कळत राहतं. हे त्यामागचं कारण असावं, असा संशोधकांचा अंदाज आहे. पुस्तकवाल्यांना जो आनंद नेमका सांगता येत नाही, त्यातला बराचसा या दोन अंगठ्यांत असावा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

छापील पुस्तकांचे वाचक संपले? ई-पुस्तकांच्या माहेरघरी, अमेरिकेत, प्यू संस्थेच्या 2021 च्या पाहणीत वर्षभरात छापील पुस्तक वाचलेले प्रौढ 65 टक्के होते, ई-पुस्तक वाचलेले 30 टक्के.

भिंगार म्हणजे पुस्तकांचं गाव? ते भिलार, पाचगणीजवळचं, 2017 मध्ये सुरू झालेलं. नावाच्या साधर्म्याने फसू नका. अर्थात नगरचं जिल्हा वाचनालय 1838 चं आहे आणि ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक 1842 मध्ये नगरातच सुरू झालं, त्यामुळे इकडे कमीपणा वाटून घ्यायला नको.

कागद म्हणजे जंगलतोड? आपल्याकडचा बराच कागद रद्दीपासून, शेतात लावलेल्या सुबाभूळ-निलगिरीपासून आणि उसाच्या चिपाडापासून बनतो. चिपाड म्हणजे काय हे नगर जिल्ह्याला सांगायला नको.

अंधुक उजेडात वाचून डोळे जातात? ताण येतो, कायमची इजा होत नाही.

निळा उजेड अडवणारे चष्मे? 2023 मध्ये कॉक्रेन या संस्थेने 17 चाचण्या तपासल्या, थोड्या काळात तरी डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचं दिसलं नाही. पडद्याकडे बघताना पापण्या कमी लवतात म्हणून डोळे कोरडे पडतात, त्याला चष्मा काय करणार?

झोपेची तक्रार मात्र अगदीच पोकळ नाही. 2014 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या प्रयोगात झोपण्यापूर्वी पडद्यावर वाचणाऱ्यांना झोप लागायला छापील पुस्तकवाल्यांपेक्षा सुमारे दहा मिनिटं जास्त लागली. माणसं फक्त 12 होती, वाचन रोज चार-चार तासांचं होतं आणि उपकरण म्हणजे पूर्ण उजेडावर ठेवलेला आयपॅड. मागून उजेड नसलेल्या साध्या ई-इंक वाचकयंत्राला हा निष्कर्ष लावता येत नाही.