हजार ओळी, एक संध्याकाळ

एका वाचकांनी विचारलं आहे: घरचं इंटरनेट रडतखडत चालत होतं म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडली, तिच्यात एक ते सहा अशी यादी होती. आधी दोन दाबलं, मग चार दाबलं, पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरकल्या आणि ‘तुमच्याकडे सगळं ठीक आहे, गडबड पुढे आहे’ असं सांगून तो गेला. त्या आकड्यांमागे असतं काय, आणि त्याचं म्हणणं खरं मानायचं का?

मानायला हरकत नाही, पण चार दाबल्यावर आलेलं उत्तर त्याला वाचता येत असेल तरच. अशी यादी तयार करायला फार काही लागत नाही. विंडोजवर वीस-पंचवीस ओळींची बॅच फाइल लिहिली की काम भागतं: अमुक आकडा दाबला की तमुक आज्ञा चालव. पीएफसेन्स नावाची फायरवॉल कार्यालयांतून पुष्कळ वापरली जाते. तिच्या कन्सोलवरही अशीच यादी येते आणि सातव्या क्रमांकावर ‘पिंग होस्ट’ असतं. म्हणजे यादी हा नुसता दरवाजा. आत गेलं की सगळीकडे तेच तीन-चार जुने प्रोग्रॅम भेटतात. तरी मला ही काळी यादी आवडते. रंगीत ॲप तुमच्या इंटरनेटला शंभरपैकी ब्याऐंशी गुण देऊन मोकळं होतं; अठरा कुठे गेले ते सांगत नाही. काळी यादी एका वेळी एकच प्रश्न विचारते आणि मिळेल ते उत्तर जसंच्या तसं समोर टाकते.

यातला पहिला आणि सर्वांत थोर प्रोग्रॅम म्हणजे पिंग. तो लिहिणाऱ्या माणसाचं नाव संगणकशास्त्राच्या पदवीधरांनाही सहसा ठाऊक नसतं, त्यामुळे इथे जरा थांबणार आहे.

अमेरिकेत मेरीलँड राज्यात ॲबर्डीन इथे सैन्याची बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरी होती. तोफगोळ्यांच्या मार्गाचं गणित करणारी ही संस्था. एनिॲक हा अवाढव्य संगणक तिच्यासाठीच बांधला गेला होता. तिथे माइक मूस नावाचा पंचविशीतला तरुण काम करत होता. जुलै १९८३ मध्ये नॉर्वेतल्या एका बैठकीत डेव्हिड मिल्स यांनी बोलता बोलता आपला एक प्रयोग सांगितला: दुसऱ्या संगणकाकडे ‘हे परत पाठव’ असं छोटं पॅकेट धाडायचं आणि ते परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. (हे मिल्स म्हणजे जगभरच्या संगणकांची घड्याळं एका वेळेवर ठेवणाऱ्या एनटीपीचे जनक. वेळ मोजण्याची कल्पना त्यांच्याकडून यावी हे अगदी साजेसं.) अशा पॅकेटला कसं उत्तर द्यायचं, याचा नियम जॉन पोस्टेल यांनी सप्टेंबर १९८१ मध्येच लिहून ठेवला होता.

डिसेंबरात मूसच्या प्रयोगशाळेतलं नेटवर्क विचित्र वागू लागलं, तेव्हा त्याला मिल्स यांचं बोलणं आठवलं. त्याने सुमारे हजार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. अडचण अशी की युनिक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यात अशी पॅकेट पाठवायची सोयच नव्हती. मग तीही त्यानेच करून घेतली. हे सगळं एका संध्याकाळचं काम, असं त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. कॉलेजात सोनार आणि रडारच्या प्रतिकृतींवर त्याने बरंच काम केलं होतं, म्हणून पाणबुडीच्या सोनारचा आवाज हेच प्रोग्रॅमचं नाव झालं. बर्कली विद्यापीठाच्या मंडळींनी तो आपल्या युनिक्समध्ये घेतला आणि तिथून तो सगळीकडे गेला.

मूसनेच सांगितलेला एक किस्सा मला फार प्रिय आहे. एका कार्यालयात इथरनेटची तार कुठेतरी अधूनमधून सुटत होती. तिथल्या नेटवर्क सांभाळणाऱ्याने पिंगचं उत्तर आवाज काढणाऱ्या प्रोग्रॅमला जोडलं, त्याचा आवाज खोलीतल्या स्टिरिओवर सोडला आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. यंत्र दर सेकंदाला ‘पिंग, पिंग’ ओरडत राहिलं, आणि हा गृहस्थ इमारतभर हिंडत एकेक जोड हलवून पाहू लागला. जिथे आवाज थांबला तो जोड सैल. निदानाचं इतकं देखणं उपकरण मी दुसरं पाहिलेलं नाही.

मूसचं खरं मोठं काम वेगळंच होतं: १९७९ पासून घडवलेली बीआरएल-कॅड ही त्रिमितीय आराखड्यांची प्रणाली, जी आजही वापरात आहे. पण लोक ओळखतात ते पिंगमुळे. त्यानेच मिश्कीलपणे लिहिलं होतं की हेच आपलं सर्वांत प्रसिद्ध काम ठरणार हे कळलं असतं, तर आणखी एक-दोन दिवस देऊन थोड्या जास्त सोयी घातल्या असत्या. नोव्हेंबर २००० मध्ये मोटार अपघातात तो गेला. वय ४२. नेटवर्किंगची जाडजूड पाठ्यपुस्तकं पिंगवर पानंच्या पानं लिहितात, आणि हे नाव मात्र त्यांत शोधावं लागतं.

आता यादीकडे. शहाण्या माणसाने केलेल्या यादीत आकड्यांचा क्रम महत्त्वाचा असतो. पहिलं पिंग स्वतःलाच, म्हणजे १२७.०.०.१ या पत्त्यावर. दुसरं घरातल्या राउटरला. तिसरं बाहेरच्या एखाद्या अंकी पत्त्याला, गूगलचा ८.८.८.८ लक्षात ठेवायला सोपा म्हणून बहुतेक जण तोच टाकतात. मग एखाद्या संकेतस्थळाला, नावाने. अंकांना उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर तार शाबूत आहे, नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा रुसली आहे. राउटरकडूनच उत्तर येत नसेल तर कंपनीला फोन करण्याआधी स्वतःचा वायफाय बघावा.

विंडोजचं पिंग चार पॅकेट पाठवतं, प्रत्येकात ३२ बाइट. त्या ३२ जागांत काय भरलेलं असतं? इंग्रजी मुळाक्षरं! ए पासून डब्ल्यूपर्यंत तेवीस, आणि मग पुन्हा ए पासून आयपर्यंत नऊ. एक्स, वाय, झेड यांना या प्रवासाची संधी कधीच मिळत नाही. पलीकडचा संगणक ही बाराखडी जशीच्या तशी परत करतो.

परतीचा वेळ मिलिसेकंदांत दिसतो, आणि इथे भौतिकशास्त्र आडवं येतं. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई-लंडन अंतर सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर. जाऊन-येऊन १४,४००, म्हणजे ७२ मिलिसेकंद तर गेलेच. केबल काही सरळ रेषेत जात नाही. अरबी समुद्र, लाल समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र असा वळसा घेते, म्हणून प्रत्यक्ष आकडा शंभराच्या वर जातो. तेव्हा ‘लॅग शून्यावर आणतो’ अशी जाहिरात दिसली की विचारावं: कुठल्या गावच्या सर्व्हरपर्यंत? ६ सप्टेंबर २०२५ रोजी जेद्दाहजवळ लाल समुद्रात केबल तुटल्या. त्यांतल्या एसएमडब्ल्यू-४ आणि आयएमईडब्ल्यूई या दोन्ही मुंबईला येणाऱ्या. आपल्याकडे इंटरनेट मंदावलं, पण बंद पडलं नाही, कारण वाहतूक दुसऱ्या, लांबच्या वाटांनी वळवली गेली. अशा वेळी वेगाचा आकडा फक्त मंदावल्याचं सांगतो. वाट लांबल्याची खूण पिंगच्या वाढलेल्या वेळात असते.

नेमकी कोणती वाट, हे सांगणारा प्रोग्रॅम म्हणजे ट्रेसराउट, विंडोजवर ट्रेसर्ट. वाचकांच्या दुरुस्तीवाल्याच्या यादीचा क्रम वर सांगितल्यापेक्षा वेगळा असावा; त्याने दाबलेला चार नंबर बहुधा हाच. प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो. दर राउटरवर तो एकाने कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट फेकून दिलं जातं. पॅकेट कायमची गोल गोल फिरत राहू नयेत म्हणून केलेली ही सोय. हाच आकडा मुद्दाम अपुरा ठेवला तर? हे स्टीव्ह डीअरिंग यांनी सुचवलं आणि व्हॅन जेकबसन यांनी करून दाखवलं. एका टप्प्याचंच तिकीट काढून एसटीत बसलं, तर कंडक्टर पहिल्या टप्प्यावर उतरवतो. मग स्टँडवरची पाटी वाचून घरी कळवायचं. पुढच्या खेपेला दोन टप्प्यांचं तिकीट, मग तीन टप्प्यांचं. पॅकेट टाकून देणारा प्रत्येक राउटर ‘वेळ संपली’ असा निरोप मागे पाठवतो, त्यावर त्याचा पत्ता असतो, आणि बघता बघता सगळा मार्ग कागदावर येतो. हे १९८८ चं काम. त्याच्या दोन वर्षं आधी, ऑक्टोबर १९८६ मध्ये, जेकबसन यांच्या प्रयोगशाळेपासून जेमतेम ४०० यार्डांवर असलेल्या बर्कली विद्यापीठापर्यंतचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला होता. त्या कोंडीवर त्यांनी शोधलेल्या उपायामुळे आजचं इंटरनेट उभं आहे.

ट्रेसराउटचा निकाल वाचताना भलेभले फसतात. मधल्या ओळीत तीन फुल्या दिसल्या की ‘इथेच तुटलंय’ म्हणून बोट ठेवलं जातं. बऱ्याचदा तो राउटर ठणठणीत असतो. पॅकेट पुढे पाठवणं हे त्याचं काम; मागे निरोप धाडणं त्याच्या लेखी दुय्यम, आणि काही ठिकाणी ते मुद्दाम बंदच ठेवलेलं असतं. पिंग आणि ट्रेसराउट एकत्र करून सतत मोजत राहणाऱ्या एमटीआरमध्येही मधल्याच एका टप्प्यावर चाळीस टक्के गळती आणि शेवटच्या टप्प्यावर शून्य, असं चित्र दिसतं. अशा वेळी शेवटची ओळ खरी मानावी. गळती एका ओळीवर सुरू होऊन पुढच्या प्रत्येक ओळीवर टिकली, तरच संशय घ्यावा. तोही जपून, कारण हा नकाशा फक्त जाण्याच्या वाटेचा आहे. उत्तरं दुसऱ्याच वाटेने येत असू शकतात आणि बिघाड तिकडे असू शकतो. म्हणून कंपनीकडे तक्रार करताना जमलं तर दोन्ही टोकांकडून काढलेला ट्रेस जोडावा.