मला इंजिनिअर कोण म्हणतं?

मी छत्रपती संभाजीनगरमधल्या एका कॉलेजात इलेक्ट्रिकल मशिन्स शिकवते. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना पहिल्याच तासाला विचारते, इंजिनिअरिंगला का आलात? सीईटीला पर्सेंटाइल बरे आले. दादा पुण्यात कंपनीत आहे. कॅप राउंडला हीच ब्रँच लागली. मागच्या बाकावरचा, डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला एखादा मात्र गप्प बसतो. त्याच मुलासमोर बिघडलेली मोटार ठेवली, तर नुसत्या वासावरून तो सांगतो, वाइंडिंग जळलंय.

असा मुलगा मला लगेच ओळखू येतो, कारण मी याच शहरातल्या शहागंजची आहे. घड्याळाच्या टॉवरपासून जवळच्या एका गल्लीत माझ्या वडिलांचं, अण्णांचं, मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळलेल्या कॉइली कापून काढायच्या, वेढे मोजायचे, तारेचा गेज बघायचा, सगळं डायरीत उतरवायचं. मग स्लॉटमध्ये लेदरॉइडचा कागद, नवी कॉइल, शेवटी वार्निश. शेतातल्या पंपापासून पिठाच्या गिरणीपर्यंत कितीतरी मोटारींचा हिशोब त्या डायऱ्यांमध्ये होता. गिऱ्हाइकं त्यांना मिस्त्री म्हणायची. त्या डायऱ्या म्हणजे इंजिनिअरिंगच्या नोंदवह्याच होत्या, हे मला पदवी घेतल्यावर कळलं, आणि तेही कुणी शिकवलं म्हणून नव्हे.

म्हणूनच अमेरिकेतलं एक संशोधन वाचताना मी जागीच थांबले. इंजिनिअरिंग कसं शिकलं जातं, यावरच संशोधन करणारे विभाग तिथल्या काही विद्यापीठांत आहेत. पर्ड्यू विद्यापीठात असा विभाग २००४ साली सुरू झाला. ॲलिसन गॉडविन तिथे बरीच वर्षं होत्या. ‘मी इंजिनिअर आहे’ असं विद्यार्थ्याला कधी आणि कशामुळे वाटू लागतं, हा त्यांचा विषय. त्यात त्या तीन गोष्टी पाहतात: विषयाची ओढ, आपल्याला हे जमतं हा विश्वास आणि इतरांनी दिलेली मान्यता. आई-वडील, शिक्षक, सोबतची मुलं तुला इंजिनिअर समजतात का, असं त्या विद्यार्थ्यांना सरळ विचारतात.

२०१६ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक अभ्यास प्रसिद्ध केला. कॉलेजात नुकत्याच आलेल्या सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची उत्तरं त्यात होती. गणित-फिजिक्स मला जमतं, एवढ्या विश्वासावर कुणी इंजिनिअरिंगकडे वळत नाही, असं त्यातून दिसलं. त्या विश्वासातून ओढ निर्माण व्हावी लागते, आणि ‘हे तुझं क्षेत्र आहे’ असं आजूबाजूच्यांनी मानावं लागतं; तेव्हा कुठे पाऊल पुढे पडतं. आपल्याकडे सगळा भर नेमका ‘जमतं का’ यावरच. पर्सेंटाइल आले की काम झालं, असं पालकही मानतात आणि आम्ही मास्तर मंडळीही.

प्रेरणेवरचं ॲडम कर्न आणि लिसा बेन्सन यांचं कामही मला फार उपयोगी वाटतं. विद्यार्थ्यांना आपलं भविष्य कसं दिसतं, हे त्यांनी मुलाखती घेऊन तपासलं आणि तीन प्रकारांना आइस्क्रीमच्या तीन कोनांची नावं दिली. काहींना दूरचं नेमकं दिसतं आणि आजचा अभ्यास त्याला जोडता येतो. काहींच्या मनात हवंसं भविष्य आणि शक्य वाटणारं भविष्य यांची ओढाताण चालू असते. काहींना पदवीच्या पलीकडचं फारसं दिसतच नाही. माझ्या वर्गात तिसऱ्या प्रकारची मुलं खूप दिसतात. बॅकलॉग राहिला, वर्ष गेलं, की त्यांना आळशी ठरवलं जातं. पण आजच्या गणिताचा उद्याशी काय संबंध, हेच ज्याला कुणी दाखवलं नाही, त्याने रात्र कशाच्या जोरावर जागवायची?

घरी मिळालेलं ज्ञान वर्गाबाहेर कसं राहतं, याचं आपल्या मातीतलं उदाहरण मुंबईतून मिळतं. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी धारावीतल्या मुलांच्या गणिताचा अभ्यास केला. घरोघरी चालणाऱ्या लहान उद्योगांत वावरणाऱ्या या मुलांकडे मापं, पैसे, भागाकार यांची चांगली जाण होती. शाळेच्या वर्गात तिचा उपयोगच करून घेतला जात नव्हता. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे सारखं शहागंज येत होतं.

आमच्या शहरात इंजिनिअरिंगची दारं उघडून बराच काळ झाला. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० सालचं. १९८३नंतर राज्यभर विनाअनुदानित कॉलेजं निघाली. वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांनी नोकरीचं स्वप्न घराजवळ आणलं. गॅरेजवाल्यांची, शेतकऱ्यांची, शिवणकाम करणाऱ्या बायांची मुलं आत आली. पण त्यांनी सोबत आणलेलं ज्ञान दाराबाहेरच राहिलं. सबमिशनची फाइल एकमेकांची बघून उतरवली तरी सही मिळते. व्हायवाला इंग्रजीत अडखळलेल्या मुलाला मात्र गुण कमी, मग त्याच मोटारीची कनेक्शन्स त्याने डोळे मिटून केलेली का असेनात. हा अन्याय आहे, आणि तो आम्ही शिक्षक रोज करतो.

मुलींचं दुखणं आणखी वेगळं. गुण चांगले असतात, पण प्रयोगाच्या वेळी पाना आणि स्क्रूड्रायव्हर मुलांच्या हातात, आणि मुली रीडिंग लिहून घेतात. त्यांना तसं कुणी सांगितलेलं नसतं. घरात कौतुकाने इंजिनिअर म्हणतात. टेबलापाशी कुणी म्हणत नाही.

आता माझ्या प्रयोगशाळेत सत्राची सुरुवात मीटरने होत नाही. जळलेली मोटार मधोमध ठेवते, गटातल्या मुलीच्या हाती पाना देते आणि निदान मराठीत, हिंदीत, उर्दूत, जसं येईल तसं सांगायला लावते. इंग्रजी शब्द मग फळ्यावर येतात. ज्याला वाइंडिंग येतं, तो त्या दिवशी शिकवतो आणि मी बाकावर बसते. गप्प बसणारी मुलं त्यानंतर माझ्याकडे शंका घेऊन येऊ लागतात, एवढं मी नक्की सांगू शकते.

माझी इच्छा आहे, की गॉडविनबाईंच्या धर्तीवरची प्रश्नावली कुणीतरी मराठवाड्यातल्या कॉलेजांसाठी मराठीत आणि उर्दूत तयार करावी. इथल्या मुलांसाठी तिच्यात दोन प्रश्न वाढवावे लागतील: तुझ्या घरचं काम तू वर्गात कधी सांगितलं आहेस का? आणि सांगितल्यावर शिक्षकांनी पुढे काय विचारलं?